रविवारची पुडी

हणमंतराव जगदाळ्यांना पहिला संशय आला तो आकड्याचा. विजयाबाईंच्या रक्ताचा अहवाल घेऊन ते खिडकीपाशी गेले, चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाशी धरला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. तीसच्या वर असायला हवं ते ड जीवनसत्त्व आठ निघालं होतं. तसं स्वच्छ छापलेलं होतं. पण छापलंय म्हणून खरं मानायचं म्हणजे डोकं गहाण टाकायचं, अशी त्यांची समजूत. खालच्या मजल्यावरच्या सरलाजींचं सात होतं, समोरच्या बँकवाल्यांचं अकरा. अख्ख्या इमारतीत एकाचंही पुरेसं निघालं नव्हतं. ज्या पट्टीने मोजलं की प्रत्येकच वस्तू आखूड भरते, ती पट्टी आधी तपासायला हवी, असं ते विजयाबाईंना म्हणाले. यात कुठेतरी पाणी मुरत होतं.

त्यांचा हा स्वभाव जन्मजात नव्हता, पगारी होता. कोरेगाव तालुक्यातला हा माणूस डिप्लोमा करून रेल्वेत लागला आणि आलमबागच्या कारखान्यात येऊन पडला तो लखनौचाच झाला. तिथे त्यांच्याकडे काम होतं मोडलेल्या वस्तूंचं. स्प्रिंग तुटली, आसाला तडा गेला, ब्रेकचा ठोकळा वेळेआधी झिजला, की तो तुकडा त्यांच्या टेबलावर येई आणि का मोडला ते त्यांनी सांगायचं. माल पुरवणारा म्हणे बसवणाऱ्याची चूक, बसवणारा म्हणे मालच सडका, आणि तिसरा कोणीतरी चहा मागवून म्हणे, साहेब, जाऊ द्या. हणमंतराव दुसऱ्याचा चहा पीत नसत आणि जाऊही देत नसत. अशा नोकरीत उभी हयात गेल्यावर माणूस घरात वेगळा कसा वागणार? भाजीवाल्याचा काटा झाला, दूधवाल्याचं माप झालं. निवृत्तीनंतर तर सगळा दिवसच मोकळा मिळाला. गॅसचा सिलिंडर आला की ते आपल्या काट्याला टांगून त्याचं वजन करत, आणि तोवर सिलिंडरवाला जिन्यात कपाळाला हात लावून बसे. राव साहेबांचं घर मी शेवटी ठेवतो, असं तो उघड सांगायचा.

गोमती नगरमधला फ्लॅट घेतानाही त्यांनी एकेक नळ सोडून पाहिला, भिंती ठोकून ऐकल्या, दरवाज्यांना ओळंबा लावला. ऊन बघायचं तेवढं राहिलं. घर पाहिलं ते जून महिन्यात, आणि लखनौच्या जूनमध्ये या घरात ऊन येत नाही म्हटल्यावर माणूस हात जोडून घर घेतो. थंडी आली तेव्हा कळलं की समोरच्या उंच इमारतीने सूर्य अडवलाय. आलमबागच्या रेल्वे क्वार्टरला पुढे अंगण होतं. विजयाबाई तिथे बाजेवर बसून मटार सोलत, केस वाळवत, शेजारणींशी बोलत हिवाळ्याच्या दुपारी काढत. इथे बाल्कनीत यायचं ते पलीकडच्या काचेच्या ऑफिसवरून परतलेलं उसनं ऊन, आणि तेही जेमतेम दोन टॉवेल वाळेपर्यंत. वर गच्ची होती, पण लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंतच जाई. पुढचा लोखंडी जिना विजयाबाईंना चढवत नसे. मांड्या भरून येत, कंबर धरे.

डॉक्टर निगम नावाच्या बाईंनी त्यांना दर रविवारी एक पुडी लिहून दिली. दाणेदार औषध, दुधात घालून प्यायचं, थंडी सरेपर्यंत. पुडीवर साठ हजार असा आकडा होता. तो बघून हणमंतरावांच्या कपाळाची शीर ताठ झाली. आठवर असलेल्या माणसाला साठ हजार कशाला, हा त्यांचा सरळ प्रश्न. मोजायची परिमाणं वेगळी असतात, असं डॉक्टरबाईंनी समजावलं. हणमंतरावांना समजलं, पण पटलं नाही. निघताना डॉक्टरबाई म्हणाल्या, "राव साहब, आप भी जाँच करा लीजिए. घर एक है तो धूप भी एक ही है." हणमंतराव नुसते हसले. बाहेर आल्यावर त्यांनी विजयाबाईंना या धंद्याची रीत सांगितली, की एक गिऱ्हाईक आत आलं की त्याच्या पाठोपाठ दुसरं ओढायचं असतं. आपल्याला काय झालंय?

खरं सांगायचं तर त्यांचंही काही खरं नव्हतं. जमिनीवरून उठताना ते भिंतीला हात लावत, आणि कोणी बघतंय असं वाटलं की भिंतीचा तडा निरखू लागत. झोपेत पोटऱ्या आखडत. जिना उतरताना कठडा सोडत नसत. पण प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे कारण तयार होतं. भिंतीला खरोखरच तडा होता, बूट नवे होते, कठडा हलतो की काय ते तपासत होते. दुसऱ्यांची कारणं सोलून काढणाऱ्या या माणसाने स्वतःची कारणं मात्र सालीसकट गिळली होती.

आता ही पुडी घरात आली आणि हणमंतरावांच्या संशयाला खरा खुराक मिळाला. आठवड्याचं औषध रोज घेऊन कोणी माणूस दवाखान्यात भरती झाल्याचं त्यांनी पेपरात वाचलं होतं. विजयाबाई विसरभोळ्या नव्हत्या, पण कोण कधी विसरेल याचा काय भरवसा? म्हणून पुड्यांचा डबा त्यांनी आपल्या कपाटात कुलपात ठेवला आणि कारखान्याच्या भांडारात चालायचा तोच नियम घरात लावला. तिथे जुना भाग जमा केल्याशिवाय नवा मिळत नसे. इथे मागच्या रविवारची रिकामी पुडी दाखवल्याशिवाय पुढची मिळायची नाही. विजयाबाई दर रविवारी सकाळी कापलेली पुडी त्यांच्या हातावर ठेवत. हणमंतराव ती उजेडात धरून आत बघत, कोपऱ्यात दाणे राहिलेत का पाहत, आणि मग नवी पुडी काढून देत. विजयाबाई मुकाट्याने घेऊन स्वयंपाकघरात जात. मुकाट्याने का, याचा मात्र हणमंतरावांनी कधी संशय घेतला नाही.

नाक्यावरच्या औषधवाल्याला, हेमचंद्रला, त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं की आपल्या घरचं कोणीही आलं तरी हे औषध आपल्याशिवाय कोणाला द्यायचं नाही. एके दिवशी तोच त्यांना दुकानातून हाक मारून म्हणाला, "भाभीजी आई थीं, एक डिब्बा और माँग रही थीं. आपने मना किया था, तो मैंने दिया नहीं." झालं. हणमंतरावांनी मनाशी हिशेब मांडला, की न मागता ही बातमी देणारा माणूस सरळ नाही. आपण घ्यावा म्हणून दुसरा डबा पुढे सरकवतोय. घरी येऊन विचारलं तेव्हा विजयाबाई पोळी लाटत होत्या. सरलाजींसाठी विचारलं होतं, असं त्या मान वर न करता म्हणाल्या. हणमंतरावांनी त्या दिवसापासून हेमचंद्रचं दुकान सोडलं.

डिसेंबर लागला आणि लखनौची माणसं उन्हाच्या मागे फिरू लागली. गच्चीवर वेताच्या खुर्च्या आल्या, शेंगा आल्या, त्यांच्याबरोबर खायचं कोथिंबीर-मिरचीचं हिरवं मीठ आलं, लोकरीचे गुंडे आले. हणमंतराव सकाळी नाश्ता करून वर जात, सूर्याकडे पाठ करून बसत, आणि खाली आले की त्यांना हळद घातलेलं गरम दूध तयार असे. हा रिवाज लग्नापासूनचा. आणि काय आश्चर्य, महिना उलटला तसा त्यांना फरक पडू लागला. पोटऱ्या आखडेनाशा झाल्या. एकदा देवापुढे बसले होते ते भिंतीला हात न लावता उठले, आणि उठल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. मग काय, त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. गच्चीवरच्या प्रत्येकाला धरून ते सांगू लागले की बघा, एक गोळी नाही, एक पुडी नाही, नुसतं ऊन. हैदराबादहून सुजयचा, त्यांच्या मुलाचा, फोन आला की त्यालाही तेच. आईला साठ हजार पाजून काही होत नाही आणि मला फुकटच्या उन्हाने गुण आला, यावरून काय ते समज, असं ते म्हणत. सुजय लखनौत वाढलेला, मराठी ऐकायचा आणि हिंदीत उत्तर द्यायचा. "पापा, डॉक्टर को अपना काम करने दो ना," एवढंच तो म्हणे.

विजयाबाईंना मात्र गुण येईना. उलट त्या दिवसेंदिवस सावकाश होत चालल्या. जानेवारीत धुक्याने शहर गिळलं, आठ-आठ दिवस सूर्य दिसेना, आणि त्यातच एका सकाळी न्हाणीघरात पाय घसरून त्या उजव्या हातावर पडल्या. नुसतं टेकायचं झालं, पण मनगटाचं हाड मोडलं. एवढ्याशा पडण्याने मोडायला नको होतं, असं प्लास्टर घालणारा म्हणाला. पुन्हा रक्त तपासलं. आठाचे नऊ झाले होते.

मग हणमंतराव कामाला लागले. इतके दिवस संशय हा त्यांचा शौक होता, आता तो गरजेचा झाला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यांचा जुना शिरस्ता. आधी तपासणीवाला खोटा असेल म्हणून एकाच सकाळी दोन लॅबच्या माणसांना घरी बोलावून दोघांनाही रक्त दिलं. विजयाबाईंनी दोनदा दंड पुढे केला. दोन्हीकडे तोच आकडा. मग औषध बनावट असेल म्हणून आलमबागला जाऊन जुन्या ओळखीच्या दुकानातून दुसऱ्या कंपनीचा डबा आणला. मग दूध. दूधवाल्याच्या कॅनमध्ये त्यांनी काचेची नळी बुडवली तेव्हा तो म्हैस विकून टाकायच्या गोष्टी बोलू लागला. शेवटी डॉक्टरच बदलून पाहिला. नव्या डॉक्टरने जुन्या डॉक्टरबाईंचेच कागद वाचून मान डोलावली, आणि हणमंतरावांना वाटलं, हे दोघे एकमेकांना ओळखतात.

परत निगमबाईंकडे जावं लागलं. त्यांनी एकच गोष्ट विचारली, औषध नीट घेतलं जातंय ना? हणमंतरावांनी विजयाबाईंना तोंड उघडू दिलं नाही. औषध कुलपात आहे, आपल्या हाताने देतो, रिकामी पुडी परत घेतो, एकही रविवार चुकलेला नाही, असं त्यांनी छाती ठोकून सांगितलं. विजयाबाई गळ्यातल्या झोळीत ठेवलेल्या हाताकडे बघत राहिल्या. डॉक्टरबाईंनी दोन्ही अहवाल पुन्हा पाहिले. मग म्हणाल्या की एवढं घेऊनही अंगाला लागत नसेल तर आतडंच ते शोषून घेत नसावं. घशातून नळी घालून बघावं लागेल, आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासावा लागेल. बुधवार ठरला.

तुकडा हा शब्द हणमंतरावांच्या पोटात जाऊन बसला. आयुष्यभर त्यांच्या टेबलावर तुकडे आले, पण ते लोखंडाचे. परतताना ई-रिक्षावाल्याने ठरल्यापेक्षा जास्त भाडं मागितलं तेही त्यांनी देऊन टाकलं, तेव्हा विजयाबाईंनी त्यांच्याकडे चमकून पाहिलं. हणमंतरावांना भीती वाटत होती. साधी, उघडी भीती, की ही बाई आपल्या आधी जाईल आणि आपण या ऊन नसलेल्या घरात काटे आणि मापं घेऊन एकटे राहू. ती त्यांनी बोलून दाखवली नाही. रात्री ताटात भाकरी तशीच राहिली, आणि भाकरी चांगली झाली नाही का, असं विजयाबाईंनी विचारल्यावर त्यांना रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. डाव्या हाताने थापलेली भाकरी होती ती.

बुधवारच्या आधीच्या रविवारी त्यांनी नेहमीसारखी रिकामी पुडी घेतली, नवी दिली आणि गच्चीवर गेले. वर कोणी नव्हतं. धुकं कठड्यापर्यंत आलं होतं. ओल्या खुर्चीवर बसून त्यांनी सगळं प्रकरण पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतलं. लॅब बरोबर. औषध बरोबर. दूध बरोबर. डॉक्टर, नाइलाजाने का होईना, बरोबर. मग काय उरलं? कारखान्यात असं सगळं साफ निघालं की ते स्वतः उठून यंत्रापाशी जाऊन उभे राहत आणि तो भाग चालताना बघत. इथे त्यांनी भरलेली पुडी जाताना पाहिली होती, रिकामी येताना पाहिली होती. मधलं काही पाहिलंच नव्हतं. विजयाला औषधांचा पहिल्यापासून कंटाळा. मोरीत ओतत असेल तर? त्या कल्पनेने त्यांना संताप आला, आणि संतापाच्या खाली थोडी आशाही वाटली. मोरीत ओतत असेल तर आतडं ठीक होतं.

ते खाली आले. चपला दाराबाहेर काढल्या, किल्लीने आवाज न करता दार उघडलं आणि मोज्यांवर चालत फ्रिजच्या आड उभे राहिले. स्वतःच्या घरात चोरासारखं उभं राहायची त्यांना लाज वाटत होती, पण पाय हलत नव्हता.

विजयाबाई ओट्याशी होत्या. त्यांनी पुडीचं टोक दातात धरलं, डाव्या हातातल्या कात्रीने कापलं, आणि ती स्टीलच्या पेल्यात उलटी केली. मोरीकडे बघितलंसुद्धा नाही. पुडी झटकून घेतली, वर दूध ओतलं, हळद घातली, साखर घातली, पुन्हा साखर घातली, आणि चमच्याने ढवळू लागल्या. डाव्या हाताने ढवळताना पेला सरकत होता, तो त्या प्लास्टरच्या हाताने दाबून धरत होत्या. हणमंतरावांचा जीव भांड्यात पडला. घेते आहे, नीट घेते आहे. म्हणजे आतडंच, असं पुढच्या क्षणी मनात आलं आणि तो जीव पुन्हा वर आला.

पण विजयाबाईंनी तो पेला तोंडाला लावला नाही. तो टेबलावर, हणमंतरावांच्या खुर्चीपुढे ठेवला, वर बशी झाकली, पदराला हात पुसला आणि फोन उचलला. फ्रिजच्या आड हणमंतरावांच्या खिशात घंटी वाजली.

दोघंही जागच्या जागी थांबली. फोन वाजतच राहिला, कारण तो बंद करायचं कोणालाच सुचेना.

त्या क्षणी हणमंतरावांच्या मनात काय काय येऊन गेलं ते त्यांनी पुढे कोणाला सांगितलं नाही. ही मला काय पाजते आहे, कधीपासून, कशासाठी, असं सगळं वाईटसाईट एका दमात येऊन गेलं. संशयाची एवढी सवय असलेल्या मनाला तो वेळ पुरेसा होता. मग त्यांना भिंत आठवली, भिंतीला हात न लावता उठलेले आपण आठवलो, गच्चीवर मारलेल्या बढाया आठवल्या, आणि ते फ्रिजच्या आडून बाहेर येऊन खुर्ची ओढून बसले.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या दोन मी घेतल्या," विजयाबाई म्हणाल्या. "मग तुम्ही देवापुढून उठताना पडता पडता राहिलात आणि मला म्हणालात, भिंतीचा तडा वाढलाय. तेव्हापासून."

त्या रागावल्या नव्हत्या, घाबरल्याही नव्हत्या. समोरच्या खुर्चीवर बसून त्यांनी सगळं सांगितलं. तुमचे पाय आखडायचे तेव्हा मी जागी असायचे, म्हणाल्या. तपासा म्हटलं तर तुम्ही धंदा म्हणालात, गोळी आणली तर तुम्ही बनावट म्हणाला असतात. दुसरा डबा आणायला मी हेमचंद्रकडे गेले होते, पण त्याला तुम्हीच दम देऊन ठेवला होता. घरात पुडी एकच, आणि तिचीही रिकामी पिशवी तुम्हाला दाखवायची. मग काय करणार होते मी? बुधवारच्या आत डॉक्टरांना सांगणारच होते. आजची शेवटची होती, तेवढी तुमच्या पोटात जाऊ द्यायची होती.

हणमंतरावांचा आता मात्र तोल गेला. हाड मोडलं तुझं, ते म्हणाले. मोडल्यावरसुद्धा मलाच देत राहिलीस. हाताला प्लास्टर आणि ढवळतेस कोणासाठी, तर माझ्यासाठी, ज्याला काही झालेलंच नाही असं तो गावभर सांगतोय.

"माझं डॉक्टरांना ठाऊक तरी होतं," विजयाबाई म्हणाल्या. "आज ना उद्या त्यांनी बघितलंच असतं. तुमचं कोण बघणार होतं?"

भाजीवाला, दूधवाला, सिलिंडरवाला, औषधवाला, दोन लॅब आणि दोन डॉक्टर, सगळ्यांना हणमंतरावांनी चाळणीतून काढलं होतं. रोज समोर येणाऱ्या या एका पेल्यात एकदाही डोकावून पाहिलं नव्हतं. आणि हे विजयाबाईंना पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच त्यांनी तो पेला निवडला होता.

हणमंतरावांनी पेला उचलून तिच्यापुढे ठेवला. "हे तू पी."

"आधी तुम्ही तपासून घ्या."

"घेतो. उद्या जातो. आता पी, निवतंय."

"उद्या नाही."

"विजया, तुझा माझ्यावर विश्वास नाही?"

"नाही," विजयाबाई म्हणाल्या.

हणमंतराव त्यांच्याकडे बघतच राहिले. संशय घेणं हे खातं आपलं, असं ते आजवर धरून चालले होते. दुसऱ्या बाजूला बसल्यावर कसं वाटतं ते त्यांना आता कळलं. सिलिंडरवाला जिन्यात बसून काय सोसत असेल, याची त्यांना पहिल्यांदाच कल्पना आली. त्यांनी फोन काढला आणि त्या दोन लॅबांपैकी रविवारी घरी येणाऱ्या लॅबला बोलावलं. आपल्यासाठी, असं दोनदा सांगावं लागलं, कारण पलीकडचा माणूस मॅडमसाठीच ना, असं विचारत होता.

तो येईपर्यंत दोघं टेबलाशी बसून राहिली. मध्ये पेला. दुधावर साय धरली. हणमंतरावांना बरंच काही विचारायचं होतं, पण प्रत्येक प्रश्न चौकशीसारखा वाटे आणि ते तो गिळत. एकदा त्यांनी विचारलं, हात दुखतो का. दुखतो, असं त्या म्हणाल्या. आजवर विचारल्यावर त्या नाही म्हणत असत.

लॅबवाला आला. त्याने हणमंतरावांच्या दंडाला रबराची पट्टी आवळली, शीर चाचपली आणि सुई खुपसली. सुई नवी आहे का, नळीवर नाव बरोबर लिहिलं का, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. विजयाबाई पलीकडून नळी भरताना बघत होत्या. ती भरून त्याच्या पेटीत जाईपर्यंत त्यांनी नजर काढली नाही. तो गेला, दार लागलं, आणि मग त्यांनी पेला गॅसपाशी नेला. पातेलं हणमंतरावांनी धरलं. ते कोमट झाल्यावर त्यांनीच पुन्हा पेल्यात ओतलं आणि तिच्या डाव्या हातात दिलं.

विजयाबाईंनी एक मोठा घोट घेतला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.

"अगं बाई, केवढं गोड झालंय हे. नुसता पाक. औषधाचा वास यायला नको म्हणून घालत गेले मी." त्यांनी पेल्यात बघितलं, मग त्यांच्याकडे. "अहो, इतके रविवार तुम्ही हे प्यायलात तरी कसे?"

"तू दिलंस म्हणून," हणमंतराव म्हणाले.